लिंबाजी ढेबे यांचे पुनर्वसन

जुना चित्रपट दुरुस्तीला काढला, की त्यात राहणाऱ्या माणसांना काम संपेपर्यंत बाहेर काढावं लागतं. घर सारवायचं तर आधी भांडीकुंडी आणि पोरंबाळं अंगणात आणतात, त्यातलाच हा प्रकार. महाप्याला ज्या लॅबमध्ये अशा दुरुस्त्या होतात, तिच्या मागच्या आवारात यासाठी एक संक्रमण शिबिर बांधलेलं आहे. पुढे पक्क्या खोल्या, मागे पत्र्याची शेड. कोणी कुठे उतरायचं, ते चित्रपटात कोण कुठे राहत होतं त्यावरून ठरतं.

यंदा उन्हाळ्यात तिथे ‘समर ॲट कॅल्डरवुड’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला. विलायतेत तो अभिजात समजतात. इंग्रज जायच्या बेतात असताना महाबळेश्वरच्या एका बंगल्यात तो काढला होता. पुढे रिळं कुठल्याशा तळघरात पडून राहिली, त्यांना बुरशी चढली. आता तिकडच्या एका कंपनीने ठरवलं, की तो धुऊनपुसून लख्ख करायचा आणि लोकांना घरबसल्या टीव्हीवर पाहता येईल असा पुन्हा विक्रीला काढायचा.

रिळं उलगडली तसे एकेक जण बाहेर आले. कर्नलसाहेब आले, मेमसाहेब आल्या, दमेकरी डॉक्टर आला, मेमसाहेबांचं लांब केसांचं कुत्रं आलं. खानसामा आणि घोडेवाले आले. सगळे करड्या रंगाचे. सर्वांत शेवटी पायाच्या अंगठ्याला दोरी गुंडाळलेला एक तरुण आला आणि दारातच उकिडवा बसला. हा पंखेवाला, छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढणारा. चित्रपटाच्या नामावळीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून लॅबने त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिंबाजी ढेबे. जावळीचा." मग नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकांचा शोध घेतला गेला, आणि कोपरखैरण्याच्या एका माथाडी चाळीत फोन वाजला.

"चंद्रभागा शेलार का? माहेरच्या ढेबे? तुमचे वडील आमच्याकडे आलेले आहेत. भेटीची वेळ दहा ते पाच. डबा आणलात तरी चालेल."

चंद्रभागा ऐंशीच्या घरात होती. ती पाळण्यात असतानाच तिचा बाप गेला. त्याचा एकही फोटो मागे राहिला नव्हता. आई सांगायची, "तुझा बा सिनेमात बसलाय, विलायतेला." लहानपणी चंद्रभागेला ते देवाघरी गेल्यासारखंच वाटायचं. लग्न होऊन मुंबईकडे आल्यावर तिला कळलं, की सिनेमा ही खरीच जागा आहे आणि तिथे माणूस बसलेला असू शकतो. तेव्हापासून तिला एकच ओढ होती. एकदा बापाचं तोंड बघायचं.

तिचा मुलगा भानुदास जन्मभर वाशीच्या बाजारात पोती वाहून आता गुडघे धरून घरी बसला होता. तो म्हणाला, "आई, कोणतरी फसवतंय. आजोबाला जाऊन जमाना झाला."

"गेले ते निराळे," चंद्रभागा म्हणाली. "हे सिनेमातले. रिक्षा बघ."

शिबिराच्या फाटकाशी आठल्ये उभे होते. हे तिथले पुनर्वसन अधिकारी. आवाज मऊ, बोलणं सावकाश, कोणाचंही वाईट चिंतलेलं नसावं असा चेहरा. पुढच्या व्हरांड्यात कर्नलसाहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. भानुदासाने त्यांना नमस्कार केला.

"घोडे तयार आहेत का?" कर्नलसाहेब म्हणाले.

"आम्हाला काय माहीत साहेब, आम्ही आत्ताच आलो."

"घोडे तयार आहेत का?"

"त्यांचं मनावर घेऊ नका," आठल्ये म्हणाले. "ज्यांना चित्रपटात संवाद आहेत, त्यांना तेवढंच बोलता येतं. कर्नलसाहेबांचे बाकीचे संवाद बुरशीने खाल्लेत, ते अजून निघायचेत. मागच्या शेडमधल्यांना संवादच दिलेले नव्हते, त्यामुळे त्यांना वाटेल ते बोलायची मुभा आहे. फार गलका असतो."

शेडमध्ये खरोखरच बाजार भरल्यासारखा गलका होता. खानसामा आणि घोडेवाले एकमेकांना ऐकूच न देता बोलत होते. कोपऱ्यात लिंबाजी बसला होता. चंद्रभागा त्याच्याकडे बघत राहिली. नाक भानुदासाचं होतं. हनुवटी तिची स्वतःची. पण वय तिच्या नातवाहून कमी, आणि अशा पोराला बा म्हणून हाक मारायला तिची जीभ उचलेना.

दारात म्हातारं माणूस बघून लिंबाजीने अंगाखालचं घोंगडं काढून पुढे सरकवलं. "ये म्हातारे, बस. कुणाकडं आलीस?"

"तुझ्याकडं. मी चंद्री."

तो हसला. "चंद्री पाळण्यात हाय माझी. आत्ता कुठं पयला दात आलाय तिला."

"त्यो पडला," चंद्रभागा म्हणाली. "मागनं आलेलंबी पडलं. ह्ये बघ." तिने आ केला.

लिंबाजीने वाकून नीट पाहिलं. मग म्हणाला, "कानामागचा डाग दाव." तिने पदर सारून कान पुढे केला. त्याने तो डाग अंगठ्याने पुसून बघितला.

"बया," तो म्हणाला. "लई येळ लागला की मला."

तिने डबा सोडला. नाचणीची भाकरी होती, हुलग्याचं पिठलं होतं. त्याने घास हातात घेतला की तेवढाच करडा व्हायचा. खाता खाता तो सांगत होता. पिच्चरवाल्यांच्या बंगल्यावर तो दूध घालायचा. एकदा दूध कमी पडलं म्हणून त्यांच्यातला एक गोरा गवळीवाड्यावरच आला. तेव्हा लिंबाजी दारात बसून हाताने दोर वळत होता आणि अंगठ्याला बांधलेल्या दोरीने चंद्रीचा पाळणा हलवत होता. गोऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, ह्या माणसाला पंख्यावर घ्या.

"तिथं बसवलं आन सांगितलं, उठ म्हणंपतूर उठायचं न्हाई. मग कुणी म्हनलंच न्हाई. आत्ता ह्या लोकांनी म्हनलं, तवा उठलो." त्याने भानुदासाकडे बघितलं. "ह्यो कोण?"

"तुझा नातू."

"गुडघं का धरलंत ओ?" लिंबाजीने नातवाला विचारलं. पोक्त माणसाला अरेतुरे करणं त्याला बरं दिसलं नसावं.

"पोती वाहिली, आजोबा. जन्मभर."

"मग ठीक हाय," लिंबाजी म्हणाला. आणि मग हात थांबवून त्याने चंद्रभागेला विचारलं, "पर म्या पुढं काय केलं? पंख्यावरनं उठून घरी गेलो आसंन ना?"

भानुदासाने तोंड उघडलं. चंद्रभागेने त्याच्या दंडाला चिमटा काढला. खरी गोष्ट अशी होती, की चित्रपटाचं काम संपलं त्याच आठवड्यात लिंबाजी ह्याच लोकांच्या पेट्या डोक्यावर घेऊन पसरणीचा घाट उतरत होता. पाय सटकला. पेटी वाचली.

"गेलास की," चंद्रभागा म्हणाली. "घरी आलास. दुसरी म्हस घेतलीस, कपाळावर चांद असलेली."

"दूध?"

"दोन्ही टायमाला चरवी भरून. माझं लगीन तूच लावलंस. मांडवात रडलास."

"म्या?"

"कोकरागत."

लिंबाजीला हसू आलं. त्याने भाकरीचा तुकडा पिठल्यात फिरवला. "म्हातारा झालो?"

"लई. काठी टेकत हिंडायचास आन समद्यांवर खेकसायचास."

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हातारपण बघितलं म्हंजे मान्साचं निभावलं." आणि उरलेली भाकरी त्याने चवीने खाल्ली.

चार दिवस ती रोज डबा घेऊन गेली. रोज त्याच्या आयुष्याची थोडी थोडी भर घालत गेली. एका जत्रेत त्याने कुस्ती जिंकली. एकदा कोयनेच्या पुरातून वासरू काढलं. लिंबाजी ऐकायचा आणि मध्येच "व्हय, म्या करीन तसं" म्हणायचा.

पाचव्या दिवशी आठल्ये मोजपट्टी घेऊन आले.

"आजी, तुमच्या वडिलांचा थोडा प्रश्न आहे. जुन्या चित्रपटाची चौकट उंचीला जास्त असायची. हल्लीचा टीव्ही आडवा. तो भरायचा तर वरची नाही तर खालची एक पट्टी कापावी लागते. वर झुंबर आहे, कर्नलसाहेबांच्या पणजोबांचं तैलचित्र आहे. ते कंपनीला हवंय. म्हणून खालची जाणार."

"खाली काय हाय?"

"जमीन," आठल्ये म्हणाले. "आणि जमिनीवर बसणारे. घोडेवाले उभे असतात, खानसामा उभा असतो. बसलेले तेवढे हेच."

"आन कुत्रं?"

"कुत्रं दोन प्रसंगांत मेमसाहेबांच्या मांडीवर आहे. ते पात्र ठरलंय."

"मग ह्याला एक स्टूल द्या."

आठल्ये दुःखी झाले. "भर घालता येत नाही हो. मूळ कलाकृतीत ढवळाढवळ होते."

"आणि माणूस काढायचा, ती ढवळाढवळ नव्हं?" भानुदासाने विचारलं.

"काढणं ही स्वच्छता आहे," आठल्ये म्हणाले.

लिंबाजी म्हणाला, उभा राहून वडतो. पण उभं राहून पंखा ओढल्याचं कुठल्याच रिळात दिसत नव्हतं. मग चंद्रभागेने विचारलं, की जे अपात्र ठरतात ते कुठे जातात. बुरशी आणि धूळ जाते तिकडेच, आठल्ये म्हणाले. तिकडे म्हणजे कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. ते खातं वेगळं होतं.

"त्याला घरी नेते मी."

"फाटकाबाहेरच्या उजेडात ही माणसं टिकत नाहीत. गेल्या वर्षी एका नर्तकीला तिची मुलं घेऊन गेली. बस स्टॉपपर्यंत काही उरलं नव्हतं."

सुनावणी कँटीनमध्ये झाली. अपात्रतेचा निर्णय द्यायच्या आधी त्याच चित्रपटात राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणून पुढच्या खोल्यांतली मंडळी बोलावली होती. टेबलावर सगळ्यांना चहा दिला. लिंबाजी जमिनीवर बसला.

"श्री. ढेबे यांना चित्रपटातून कमी करायला आपली काही हरकत आहे का?" आठल्यांनी मेमसाहेबांना विचारलं.

मेमसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "आज वारा अगदीच पडलाय," त्या म्हणाल्या.

"हरकत नाही," आठल्यांनी लिहून घेतलं.

"आवो, ती बया वारा मागतीया!" चंद्रभागा उठून उभी राहिली. "ह्याला काढल्यावर पंखा कोण तुमची आई वडंल?"

"आजी, शांत बसा. भावार्थ काढायचा मला अधिकार नाही. कर्नलसाहेब, आपलं?"

"घोडे तयार आहेत का?"

"अनुमोदन." डॉक्टर नुसता खोकला. त्याला आठल्यांनी तटस्थ धरलं. मग ते लिंबाजीकडे वळले. "तुमचं काही म्हणणं?"

"कायमचं उठायचं तर ज्यानं बसिवलं त्यानं येऊन उठ म्हनावं," लिंबाजी म्हणाला. "तसं ठरलं हुतं."

"ते दिग्दर्शक आता हयात नाहीत."

"मग म्या बसून ऱ्हातो."

अर्जदाराने सहकार्य नाकारलं, अशी नोंद झाली आणि लिंबाजी ढेबे अपात्र ठरले.

चंद्रभागा त्या दिवशी घरी गेली नाही. फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून राहिली. भानुदास म्हणाला, "आई, चल. बाजारातबी असंच असतं. माल ऱ्हातो, पोतं ऱ्हातं, हमालाचं नाव कुठं असतं?" ती म्हणाली, "तू गप. तुझ्या गुडघ्यांवर घर तरी झालं."

पण दुसऱ्या दिवशी वेगळीच अडचण निघाली. पंखेवाल्याशिवाय चित्रपट एकदा चालवून पाहिला, तेव्हा दिवाणखान्यातला पंखा हलेना. पहिल्याच प्रसंगात मेमसाहेबांची पावडर ओघळली. दुसऱ्यात कुत्रं जीभ काढून टेबलाखाली गेलं, म्हणजे चौकटीबाहेर. डॉक्टर मेमसाहेबांपुढे आपलं प्रेम कबूल करतो तो प्रसंग चित्रपटाचा प्राण समजला जातो. तिथे येईपर्यंत कर्नलसाहेब खुर्चीत बेशुद्ध होते, डॉक्टरला धाप लागली होती, आणि मेमसाहेब कोणाचंही प्रेम ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. कंपनीने विलायतेहून कळवलं, की वारा हा मूळ कलाकृतीचा अविभाज्य भाग असून तो जसाच्या तसा मिळाला पाहिजे.

फेरविचार झाला. आठल्यांनी दोन दिवस खपून मार्ग काढला आणि निर्णय स्वतः शेडमध्ये येऊन वाचून दाखवला. काम ग्राह्य, वास्तव्य अग्राह्य.

"म्हंजे?" चंद्रभागेने विचारलं.

"म्हणजे ते पंखा ओढत राहतील, पण चित्रपटात राहणार नाहीत. चौकटीच्या खाली बसतील."

"चौकटीच्या खाली काय असतं?"

"ते घराघरावर अवलंबून आहे," आठल्ये म्हणाले. "ज्याच्या घरी चित्रपट लागेल, त्याच्या घरी टीव्हीखाली बसतील. चित्रपट संपला की नसतील. जितक्या प्रती विकल्या जातील तितक्या घरांत. फार मोठी संधी आहे, आजी."

भानुदास हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "म्हंजे काम साहेबाच्या घरचं, आणि बसायचं लोकांच्या दारात."

"जमिनीचीच सवय आहे त्यांना," आठल्ये समजुतीने म्हणाले. "फक्त एक पाळावं लागेल. चित्रपट चालू असताना तोंडातून शब्द गेला तर तो संवाद धरला जाईल. मग त्यांना कायमचं तेवढंच बोलता येईल."

निघायच्या दिवशी पुढच्या खोल्यांतली मंडळी आधी चित्रपटाच्या आत गेली. कुत्र्याला उचलून नेलं. लिंबाजी अंगठ्याला दोरी गुंडाळत बसला होता. चंद्रभागा त्याच्यापुढे बसली. सांगायचं अजून बरंच राहिलं होतं. तिच्या सांगण्यात त्याच्या नातवंडांची बारशी अजून व्हायची होती.

"बा," ती म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. "कुठं बोलू नगंस."

"न्हाई बोलत. वाया कशाला घालवायचं." त्याने दोरीला गाठ मारली. "त्या म्हशीचं नाव काय हुतं गं? कपाळावर चांदवालीचं?"

चंद्रभागेला पटकन सुचेना. आतून कोणीतरी हाक मारली आणि तो उठला.

चित्रपट बाजारात आला. वेष्टनावर तैलचित्राचा फोटो होता. झुंबराचा लोलक न् लोलक आता स्पष्ट दिसतो, असं जाणकारांनी लिहिलं. तक्रारीही थोड्या आल्या. लंडनच्या एका बाईंच्या गालिच्यावर पावलं उमटत होती. त्यांना पायपुसणं ठेवायचा सल्ला देण्यात आला. पुण्याच्या एका गृहस्थांचा टीव्हीखालचा खण उघडेना. कंपनीने सर्वांना एकच उत्तर दिलं, की सदर इसम चित्रपटाचा भाग नसल्याने त्याची जबाबदारी घेता येत नाही. बहुतेक घरांनी त्याच्यापुढे एक कुंडी ठेवली आणि प्रश्न मिटवला.

बाधित कुटुंब म्हणून चंद्रभागेला एक प्रत मिळाली. तिने दुपारची भांडी आटोपून ती लावली. वाजंत्री झाली, बंगला दिसला, आणि टीव्हीखाली भिंतीला पाठ लावून लिंबाजी बसलेला होता. दोरी त्याच्या अंगठ्यावरून वर जाऊन पडद्याच्या खालच्या कडेतून आत गेली होती. आत मेमसाहेबांच्या केसांची बट हलत होती. त्याने चंद्रभागेला पाहिलं, ओळखलं, मान हलवली. पण नजर लगेच पंख्याकडे वळवली, कारण लय चुकून चालत नव्हतं. तिने चित्रपट बंद करून बघितला. फरशी मोकळी होती. पुन्हा लावला, तो पुन्हा पंखा ओढत होता.

बाप तिला मिळाला होता, पण फक्त कामावरचा.

पुढे तिने चित्रपट पाठ केला. मध्ये एक भाग असा येतो, की साहेबलोक शिकारीला जातात आणि दिवाणखाना रिकामा पडतो. तेव्हा पंखा थांबलेला चालतो. त्या प्रसंगाआधी ती भाकरी कुस्करून, दुधात कालवून तयार ठेवायची. साहेब बंगल्याच्या पायऱ्या उतरले, की ती टीव्हीपुढे बसायची आणि घास त्याच्या हातावर ठेवायची. तो भराभर खायचा. ती हळू आवाजात सांगत राहायची, म्हशीचं नाव सुंदरी होतं, तिला दोन पारड्या झाल्या.

एकदा ती अशीच त्याला भरवत असताना भानुदास आतून आला आणि त्याने रिमोट शोधला.

"आई, मॅच लागलीय."

"थांब. जेवतोय त्यो."

भानुदास गुडघे धरून खुर्चीच्या कडेवर टेकला. पडद्यावर गवतातून शिकारी चालले होते. "किती वेळ आहे साहेब बाहेर?"

"वाघ मिळंपतूर."

"नाही मिळाला तर?"

"रोज मिळतो," चंद्रभागा म्हणाली आणि तिने पुढचा घास लिंबाजीच्या हातावर ठेवला.

पडद्यावर बंदुकीचा बार झाला. लिंबाजीने घास तसाच गालात धरला आणि दोरी ताणली.